खाणीखालची नदी : अनेक वर्षांची नोंद कशी ठेवावी

चांदोदला जाणारे बडोदेकर मराठी आजही कमी नाहीत. कोणी नारायणबलीसाठी जातो, तर कोणी गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीचे दर्शन घेऊन परतताना वाट वाकडी करून संगमावर उतरतो. तेथे नर्मदेला मिळणारी ओरसंग मध्य प्रदेशातील डोंगराळ भागातून निघून छोटा उदेपूर, बोडेली, संखेडा असा प्रवास करीत आलेली असते. तिच्या वरच्या खोऱ्यात डोलोमाइटच्या खाणी आहेत आणि तिच्या पात्रातील रेती बडोद्यातील बांधकामांवर येऊन पडते. अशा नदीवर खाणकामाचे जे परिणाम वीस-तीस वर्षांत हळूहळू होतात, ते सामान्य नागरिकाने साध्या साधनांनी कसे टिपावेत, हे येथे सांगावयाचे आहे.

सर्वांत प्रचलित चूक प्रथम सांगतो, कारण ती मीही केली आहे. ओढ्याचे पाणी पांढरट दिसले म्हणून मी शीतपेयाची रिकामी बाटली विसळून ती त्या पाण्याने भरली आणि शहरातील एका प्रयोगशाळेत दिली. आठ दिवसांनी सर्व आकडे मर्यादेत असल्याचा अहवाल आला आणि विषय तेथेच संपला. श्रावणातल्या भरल्या ओढ्यातून घेतलेल्या एका बाटलीवरून खाणीच्या वीस वर्षांच्या परिणामाबद्दल काहीच कळणार नव्हते, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. पाणी वाहून जाते. शिसे, कॅडमियम, जस्त, मँगेनीज यांसारखे धातू मात्र चिकणमातीच्या बारीक कणांना आणि लोहाच्या गंजासारख्या थरांना चिकटून तळाशी बसतात, आणि पूर, आम्लता किंवा डोहाच्या तळाशी प्राणवायूचा अभाव असे काही निमित्त मिळाले की पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून पाण्यापेक्षा गाळाकडे अधिक लक्ष द्यावे आणि एका मोठ्या तपासणीपेक्षा त्याच जागेच्या अनेक लहान नोंदींवर भर द्यावा.

हा काळ किती लांब असू शकतो, याची दोन उदाहरणे देतो. जपानमधील कामिओका येथील जस्त-शिशाच्या खाणीतून कॅडमियम जिंझू नदीत उतरले, नदीतून भातखाचरांत गेले आणि भातातून माणसांच्या हाडांपर्यंत पोहोचले. ‘इताइ-इताइ’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या आजाराचे कारण तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले, परंतु दूषित खाचरांची माती सुधारण्याचे काम पूर्ण होण्यास २०१२ साल उजाडले. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या झोतांनी डोंगर फोडण्याच्या पद्धतीला १८८४ मध्ये न्यायालयाने आळा घातला. तेथील नद्यांतून हा राडारोडा लाटेसारखा खाली कसा सरकतो, याचे वर्णन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये केले, आणि सोने पकडण्यासाठी वापरलेला पारा तेथील गाळात अजूनही असल्यामुळे काही ठिकाणचे मासे बेताने खावेत, अशी सूचना आजही दिली जाते. खाण बंद झाली म्हणून नोंदवही बंद करू नये, ती या कारणाने.

आधी खाण ओळखावी

कोणत्या खनिजाची खाण आहे हे न कळता केलेली तपासणी आंधळी ठरते. वृत्तपत्रांतून खाणीचे प्रदूषण म्हटले की तांबडे-नारिंगी पाणी डोळ्यांसमोर येते. ते खरे असते, परंतु सर्वत्र नसते. ज्या दगडात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, असते तो दगड उघडा पडला की हवा व पाणी यांच्या संयोगाने गंधकाम्ल तयार होते. काही जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वाढवितात, त्या आम्लात इतर धातू विरघळतात आणि पुढे पाणी सौम्य झाले की लोहाचा नारिंगी थर दगडांवर बसतो. स्पेनमधील रिओ तिंतो नदीच्या काठी हजारो वर्षे खाणकाम झाले, आणि तिचे पाणी आजही तीव्र आम्ल आहे. मेघालयातील जयंतिया टेकड्यांत गंधकयुक्त कोळशाने असेच केले. तेथील उंदरासारखी अरुंद बिळे पाडून केल्या जाणाऱ्या कोळसा खाणकामावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली, तरी सोडून दिलेल्या बिळांतून पाणी झिरपणे थांबले नाही. बडोद्याच्या आसपास हा धोका तपासावयाचा असेल तर भरूच जिल्ह्यातील राजपारडीसारख्या लिग्नाइटच्या पट्ट्यात पाण्याचा सामू आणि सल्फेट प्रथम पाहावे.

छोटा उदेपूरच्या डोलोमाइट पट्ट्यात मात्र नारिंगी पाणी शोधत बसणे व्यर्थ आहे. डोलोमाइट हा कार्बोनेटी दगड असल्यामुळे तो आम्ल शमवितो, आणि सामू घसरण्याऐवजी सातच्या वरच राहण्याचा संभव अधिक असतो. येथे त्रास वेगळ्या रूपाने येतो. दळणाच्या कारखान्यांची आणि खाणींच्या ढिगाऱ्यांची पांढरी पूड पहिल्या पावसात ओढ्यात उतरते, तळाच्या दगडगोट्यांमधील फटी बुजविते आणि पाण्याचा कठीणपणा वाढविते. ज्या फटींत माशांची अंडी आणि किड्यांच्या अळ्या वाढावयाच्या, त्या लिंपल्या गेल्यासारख्या होतात. हे पाणी प्रयोगशाळेत बहुधा ‘पास’ होते, आणि म्हणूनच तेथे सामूच्या कागदापेक्षा गढूळपणाची नळी उपयोगी पडते.

कवांट तालुक्यातील आंबाडुंगर परिसरात फ्लोरस्पार हे फ्लोराइडयुक्त खनिज आहे, आणि तेथे फ्लोराइड पाहणे क्रमप्राप्त आहे. परंतु येथे एक सावधगिरी बाळगावी. ज्या खडकात फ्लोराइड मुळातच आहे, त्या खडकातील विहिरीत ते खाणीशिवायही उतरते. खाणीच्या वरच्या अंगाच्या विहिरींचे आकडे हाती नसताना खालच्या विहिरीवरून खाणीला दोष देणे न्यायाचे नाही, आणि तसा आरोप सुनावणीत टिकतही नाही. पावागडजवळील शिवराजपूर परिसरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मँगेनीज काढले जात असे. अशा जुन्या, झाडोऱ्यात लपलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांखालचे ओढे नोंदीसाठी घेणारा माणूस क्वचितच भेटतो, आणि दीर्घकालीन परिणाम शिकण्यासाठी त्यांच्याइतकी चांगली जागा जवळपास नाही.

जागा आणि तिथी

निदान तीन जागा निवडाव्यात : खाणीच्या वर, खाणीचे पाणी मिळून एक-दोन वळणे पुढे गेल्यावर, आणि त्याहून बरीच खाली. दोन प्रवाह मिळाल्यावर काही अंतर ते शेजारी शेजारी वाहतात, त्यामुळे मिळण्याच्या नेमक्या ठिकाणी घेतलेला नमुना फसवा असतो. शक्य असल्यास त्याच प्रकारच्या दगडातून वाहणारा, पण खाण नसलेला शेजारचा एक ओढा चौथी जागा म्हणून घ्यावा. दहा वर्षांनी ‘हे सगळीकडेच झाले आहे’ असे उत्तर कोणी दिले, तर त्याला उत्तर देण्यास हा चौथा ओढा लागतो. जागा मोबाइलवरील अक्षांश-रेखांशांसह लिहावी, आणि पुलाचा खांब किंवा मोठा खडक यांसारखी एक न हलणारी खूणही लिहावी.

तारखांबाबत माझा आग्रह असा की त्या सणांना बांधाव्यात, म्हणजे विसरत नाहीत. अक्षय्य तृतीयेच्या आसपास पाणी सर्वांत कमी आणि म्हणून सर्वांत दाट असते. आषाढातला पहिला पूर उन्हाळाभर साचलेले सगळे धुऊन आणतो, आणि वर्षातील सर्वांत वाईट आकडे बहुधा त्याच दिवशी मिळतात, मात्र तो नमुना काठावरून दोरीला बांधलेल्या डब्याने घ्यावा. कोजागरीला प्रवाह निवळलेला असतो. उत्तरायणाला नदी झऱ्यांच्या आणि भूजलाच्या पाण्यावर चालते, त्यामुळे खाणीतून जमिनीखाली झिरपणारे तेव्हा उघडे पडते. या चार दिवसांत गावभर पतंग असोत की पाऊस, नोंद झालीच पाहिजे.

प्रत्येक वेळी वेळ, मागील पाऊस कधी झाला, पात्रातील पाण्याची रुंदी, रंग, वास, तापमान, सामू आणि विरघळलेले एकूण क्षार लिहावेत. क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटर आता सहज मिळतो. तो आणि सामू-मीटर प्रमाणित द्रावणात वर्षातून चार वेळा तपासून घेतले नाहीत, तर आकड्यांतील चढ नदीचा की यंत्राचा हे कळत नाही. गढूळपणासाठी एक मीटर लांबीची पारदर्शक नळी घेऊन तिच्या बुडाशी काळी-पांढरी चकती चिकटवावी, पाणी हळूहळू ओतत जावे आणि चकती दिसेनाशी होते ती उंची सेंटिमीटरमध्ये लिहावी. छायाचित्र त्याच जागेवरून, त्याच दिशेने आणि चौकटीत एक मोजपट्टी ठेवून काढावे. दगडांवर नारिंगी बुळबुळीत थर किंवा पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की लगेच खाणीकडे बोट दाखवू नये, कारण लोहजिवाणू तो नैसर्गिकरीत्याही करतात. काडीने तवंग ढवळावा. तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते जिवाणूंचे काम असते, आणि पुन्हा एकत्र येऊन मिळाले तर तेल असण्याचा संभव अधिक.

गाळ कसा घ्यावा

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाळूचे जाड कण धातू फारसे धरीत नाहीत. ते काम बारीक चिखलाचे आहे, आणि असा चिखल वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या आडोशाला किंवा संथ डोहात बसतो. तेथे प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेले मागे जाते. प्लास्टिकच्या चमच्याने वरचा दोन सेंटिमीटरचा थर पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एकत्र करावा. स्टीलचा चमचा, गंजलेला डबा, पत्र्याची चाळणी यांपैकी काहीही वापरू नये. दिवसाची सुरुवात खाणीच्या वरच्या, म्हणजे स्वच्छ मानलेल्या जागेपासून करावी, नाहीतर खालचा चिखल साधनांबरोबर वर जातो. पिशवीवर पेन्सिलीने जागा, तारीख आणि वेळ लिहावी, कारण शाई ओलाव्याने पुसते.

गाळ सावलीत वाळवावा. प्रयोगशाळेला ६३ मायक्रॉनखालील भागच तपासावा असे लेखी सांगावे, आणि धातूंबरोबर ॲल्युमिनियमही मोजून मागावे. ॲल्युमिनियम हे चिकणमातीचे माप समजावे : एखाद्या वर्षी नमुन्यात चिकणमातीच जास्त आली तर सर्व धातू वाढलेले दिसतात, आणि प्रत्येक धातूचे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढले की हा भास दूर होतो. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा गाळाला लावू नयेत. तुलना करावयाची ती वरच्या जागेशी आणि मागील वर्षांशी.

एवढ्या तपासण्यांचा खर्च दरवर्षी झेपत नाही, आणि झेपण्याची गरजही नाही. वाळलेल्या गाळाचा निम्मा भाग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यावा. पारा सोडला तर बहुतेक धातू अशा कोरड्या गाळात वर्षानुवर्षे टिकतात. पाच वर्षांनी पैसे जमले किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने रस घेतला, की सर्व बरण्या एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासून घ्याव्यात. दरवर्षी वेगळ्या प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्यांपेक्षा अशी तपासणी अधिक विश्वासार्ह असते. आमच्या घरी लोणच्याच्या बरण्यांशेजारी या बरण्या ठेवण्यास जो विरोध झाला तो रास्त होता, आणि वाचकांनी आधीच वेगळे कपाट शोधावे.

आणखी खोल भूतकाळ हवा असेल तर तलावाचा तळ पाहावा लागतो. जोजवा येथील बंधाऱ्यावरून ओरसंगचे पाणी सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या वढवाणा तलावात येते, आणि अशा तलावात वर्षावर वर्ष गाळाचे थर बसत जातात. परंतु वढवाणा २०२१ पासून रामसर पाणथळ, म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली जपली जाणारी पाणथळ जागा, आहे. तेथे नळी खुपसून थर काढणे हे वनविभागाच्या परवानगीने आणि विद्यापीठातील जाणकारांनीच करण्याचे काम आहे.

रेतीचा उपसा आणि पात्राची खोली

रेतीच्या उपशात विष नसते म्हणून त्याला प्रदूषणात न मोजण्याची एक पद्धत आहे. ती मला चुकीची वाटते, आणि बडोद्याच्या माणसाला तर ती मुळीच शोभत नाही, कारण आपल्या शहराच्या पाण्याचा मोठा भाग महीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींतून, म्हणजे रेतीतून गाळून येतो. रेती ही गाळणी आहे आणि पाण्याचे कोठारही आहे. ती काढली की पात्र खाली जाते, पात्रापाठोपाठ काठच्या विहिरींची पातळी उतरते, आणि उरलेल्या पातळ थरातून पाणी नीट न गाळता पुढे जाते. उपशाच्या खड्ड्यात वरून आलेला गाळ अडकतो, त्यामुळे पुढे जाणारे पाणी तळ आणि काठ खरवडते. खड्ड्याची वरची कड मात्र उलट दिशेने, उगमाकडे सरकत जाते. म्हणून खड्ड्यापासून दूर, वरच्या अंगाच्या पुलाचा पायाही उघडा पडू शकतो.

पात्राची खोली मोजण्यासाठी पुलाच्या कठड्यावर एक जागा ठरवून तेथून वजन बांधलेली मोजपट्टी तळापर्यंत सोडावी, आणि खांबागणिक आकडे लिहावेत. दरवर्षी हे अक्षय्य तृतीयेला करावे. पावसाळ्यानंतर खड्डे भरलेले दिसतात आणि नदी सावरली असे वाटते, पण पुढच्या वैशाखातील माप खरे सांगते. चांदोदच्या घाटाच्या उघड्या पायऱ्या मोजून निष्कर्ष काढू नये, कारण तेथील नर्मदेची पातळी वरच्या सरदार सरोवराच्या विसर्गावर अवलंबून असते. काठच्या पाच विहिरींची पाण्याची पातळी वैशाखात आणि कोजागरीला मोजावी, आणि त्या विहिरींच्या मालकांना कूपनलिका कोणत्या वर्षी किती फुटांवर नेली हे विचारावे. जुन्या शेतकऱ्यांना साल आठवत नाही, पण ‘थोरलीच्या लग्नाच्या आधी’ हे नक्की आठवते. ते लिहून घ्यावे आणि नंतर साल लावावे. उपग्रहांची जुनी छायाचित्रे संगणकावर विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक वर्षाच्या मे महिन्यातील एकाच तुकड्याचे चित्र जतन केले तर पात्रातील खड्डे कसे पसरले ते शब्दांशिवाय दिसते.

या कामास एकट्याने जाऊ नये. उपशाचे खड्डे पाण्याखाली अचानक खोल होतात. डंपर आणि जेसीबी चालू असताना छायाचित्रे काढणे, त्यांच्याशी वाद घालणे हे नोंद ठेवणाऱ्याचे काम नव्हे.

जीवसृष्टीची नोंद थोडक्यात आटोपता येते. दगडगोट्यांच्या ओढ्यात प्रत्येक जागी दहा दगड उलटावेत आणि खाली किती प्रकारचे किडे आहेत ते लिहावे, त्यांची शास्त्रीय नावे न कळली तरी चालते. वरच्या जागी सात-आठ प्रकार आणि खाली केवळ लाल सुतासारख्या अळ्या, असे तीन वर्षे दिसले, तर रसायनाचा अहवाल निर्दोष असूनही काहीतरी बिघडले आहे.

आकडे वाचणे आणि पुढे नेणे

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. १०५०० या मानकानुसार सामू ६.५ ते ८.५ असावा. दर लिटरला विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम, कठीणपणा २०० मिलिग्रॅम, सल्फेट २०० मिलिग्रॅम, फ्लोराइड १ मिलिग्रॅम आणि मँगेनीज ०.१ मिलिग्रॅम या स्वीकार्य मर्यादा आहेत. दुसरा स्रोत नसल्यास त्या अनुक्रमे २०००, ६००, ४००, १.५ आणि ०.३ पर्यंत चालवून घेतल्या जातात. शिशासाठी ०.०१ आणि कॅडमियमसाठी ०.००३ मिलिग्रॅम या मर्यादांत अशी सूट नाही. धातूंसाठी पाणी द्यावयाचे असल्यास बाटली आणि त्यात घालावयाचे नायट्रिक आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्यावे, अन्यथा धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि आकडा कमी येतो. मर्यादेच्या आत असलेला, पण दरवर्षी चढत जाणारा आकडा मर्यादा एकदाच ओलांडणाऱ्या आकड्यापेक्षा अधिक चिंतेचा मानावा.

आपला खासगी अहवाल न्यायालयात थेट पुरावा ठरेल, अशी समजूत ठेवू नये. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी नमुना कसा घ्यावा याची रीत घालून दिली आहे, आणि त्या रीतीने न घेतलेल्या नमुन्याचा अहवाल त्या कायद्याखालील कारवाईत पुरावा म्हणून चालत नाही. आपल्या वहीचा उपयोग मंडळाला नेमक्या जागी, नेमक्या दिवशी नमुना घेण्यास भाग पाडण्यासाठी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बडोद्यातील प्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज देताना चार तक्ते आणि चार छायाचित्रे पुरेत, भावनिक मजकूर वगळावा. खाणीच्या पर्यावरण मंजुरीतील अटी आणि त्यांच्या पालनाचे सहामाही अहवाल माहितीच्या अधिकारात मागावेत. रेतीसाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल मागावा आणि त्यात पुरामुळे किती रेती पुन्हा भरते असे धरले आहे, ते आपल्या खोलीच्या मापांशी ताडून पाहावे. केंद्राच्या २०१६ च्या रेती उपसा मार्गदर्शक तत्त्वांत उपशाची खोली ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी तेथपर्यंत सांगितली आहे, आणि पुलावरून सोडलेली मोजपट्टी येथे थेट कामाला येते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गुजरातची प्रकरणे पुण्याच्या पीठाकडे जातात. तेथे वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. हळूहळू होणाऱ्या परिणामात ‘प्रथम’ कधी, हाच वादाचा मुद्दा होतो. त्यामुळे वहीत प्रत्येक बदल प्रथम दिसल्याची तारीख ठळक लिहावी, त्या पानावर बरोबर आलेल्या दुसऱ्या व्यक्तीची सही घ्यावी, आणि वहीची एक छायाप्रत बरण्यांच्या कपाटात नव्हे तर दुसऱ्या घरी ठेवावी.